अमेरिका की युरोप? चांगल्या वर्षाचा नको, वाईट वर्षाचा हिशोब मांडा

मुळाकाठ | स्टुटगार्ट

भाच्याचं बी.ई. झालं, त्यानंतर पुण्यात नोकरीचा अनुभवही घेऊन झाला. आता त्याच्यापुढे दोन वाटा आहेत: टेक्ससमध्ये एम.एस., नाहीतर इकडे जर्मनीत थेट नोकरी. घरी रोज यावर खल चालतो आणि तो दर वेळी पगारापाशी येऊन थांबतो. डॉलरमध्ये किती, युरोमध्ये किती, कापून हातात किती. मी आधी न्यू जर्सीत एडिसनला होतो, आता बरीच वर्षं स्टुटगार्टजवळ राहतो. दोन्हीकडचे पगार घेतलेत, दोन्हीकडची आजारपणं काढलीत. म्हणून हा धागा. आपल्यातले बरेच जण तिकडे किंवा इकडे आहेत, ज्यांना जे दिसलं ते मोकळेपणाने लिहा.

माझं मत आधीच सांगतो. सगळं सुरळीत चाललेल्या वर्षात अमेरिका पुढे असते, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. पगार मोठा, घर मोठं, गुणी माणसाला वर जायला वाव मोठा. पण ज्या वर्षी नोकरी जाते, बाळंतपण अवघड होतं, पाठीचं ऑपरेशन निघतं, किंवा पुण्यात वडील आयसीयूत असतात, त्या वर्षी काय होतं ते विचारा. अमेरिकेत तो सगळा धोका तुमच्या एकट्याच्या अंगावर असतो आणि मोठ्या पगारात त्या धोक्याचाही मोबदला धरलेला असतो. युरोपात त्याचे पैसे सगळ्यांच्या पगारातून दर महिन्याला आधीच कापले जातात. पगारपत्रक पाहून पोटात गोळा येतो खरा, पण ते पैसे कुठे जातात हे वाईट वर्षी कळतं.

आजारपणाचंच घ्या. एडिसनला असताना सुट्टी आणि आजारपण एकाच खात्यातून जायचं. डिसेंबरात घरी जायचं म्हणून लोक ताप अंगावर काढून ऑफिसात यायचे, मीही आलोय. न्यू जर्सीने २०१८ मध्ये वर्षाला ४० तासांच्या आजारी रजेचा कायदा केला, पण देशपातळीवर भरपगारी आजारी रजेचा कायदा अमेरिकेत आजही नाही. भरपगारी वार्षिक सुट्टीचाही नाही. कंपनी देईल तेवढी. इथे जर्मनीत पहिले सहा आठवडे कंपनी पूर्ण पगार देते. त्यानंतर आरोग्य विमा संस्था एकूण पगाराच्या ७० टक्क्यांपर्यंत देते, एकाच आजारासाठी तीन वर्षांत ७८ आठवड्यांपर्यंत. आजार कोणता हे साहेबाला सांगावं लागत नाही. सार्वजनिक विमा असेल तर २०२३ पासून डॉक्टरचा दाखलाही विमा संस्थेकडून कंपनीने ऑनलाइन मागवायचा असतो, कागद घेऊन फिरणं संपलं. सुट्टीवर असताना आजारी पडलात आणि डॉक्टरचा दाखला असला, तर तेवढे दिवस सुट्टीच्या खात्यात परत येतात. हे मला पहिल्यांदा एका सहकाऱ्याने सांगितलं तेव्हा मी कायदा उघडून वाचला, तरच खरं वाटलं.

आणि अमेरिकेत दवाखान्यातून घरी आल्यावर जे सुरू होतं ते भाच्याला कुठल्याच ब्रोशरमध्ये दिसणार नाही. माझ्या बायकोचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, उपचार उत्तम झाले, त्याबद्दल तक्रार नाही. पण नंतर पाकिटं येत राहिली. पहिल्या पाकिटातल्या कागदावर ठळक अक्षरात लिहिलेलं, ‘हे बिल नाही’. त्यात हॉस्पिटलने मागितलेली रक्कम, विम्याने मान्य केलेली रक्कम आणि आपण द्यायची रक्कम, असे रकाने. मग खरं बिल. मग भूल देणाऱ्या डॉक्टरांचं वेगळं, रेडिओलॉजीचं वेगळं, प्रयोगशाळेचं वेगळं. एक डॉक्टर आमच्या विम्याच्या जाळ्यात नव्हते, त्यांच्या बिलासाठी महिनोन् महिने फोन. अशा अचानक बिलांना २०२२ पासून कायद्याने बराच आळा बसलाय हेही नोंदवतो. पण आजारी बायकोजवळ बसायच्या वेळी मी फोनवर होल्डचं संगीत ऐकत होतो. आणि तो विमा नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की विमाही धोक्यात, पुढे तोच चालू ठेवायचा तर आतापर्यंत कंपनी भरत होती तो वाटासुद्धा आपणच भरायचा.

व्हिसावाल्यांचं तर अजून अवघड. एच-१बीवर, म्हणजे कंपनीने काढून दिलेल्या कामाच्या व्हिसावर, नोकरी गेली की ६० दिवस. तेवढ्यात दुसरी नोकरी, नाहीतर दुसरा व्हिसा, नाहीतर विमान. मुलांची शाळा, घराचा करार, गाडीचं कर्ज, सगळं त्या ६० दिवसांत. मॉन्टाना वगळता सगळ्या राज्यांत मालक कारण न देता काढू शकतो. जर्मनीत दहाहून जास्त माणसांच्या कंपनीत सहा महिने झाले की काढायला कायद्यात बसेल असं कारण लागतं, आणि जिथे कामगार मंडळ आहे तिथे आधी त्याला विचारावं लागतं. नोकरी गेलीच आणि बेकारी विम्याची दोन वर्षं वर्गणी भरलेली असली, तर वर्षभर हातातल्या पगाराच्या ६० टक्के मिळतात, मूल असेल तर ६७. ब्ल्यू कार्डावर (उच्चशिक्षितांसाठीचा युरोपातला कामाचा परवाना) दोन वर्षं झालेल्या माणसाला युरोपीय नियमानुसार सहा महिने बेकार राहिला म्हणून कार्ड काढून घेता येत नाही, त्याआधी ही मुदत तीन महिने. रात्री झोप लागते ती यामुळे.

लिहा आता. विरोधी मतं तर जरूर हवीत.

खाडीकिनारा | फ्रीमाँट

मुळाकाठ, मुद्दा नीट मांडलात, पण चित्र एकांगी झालंय.

आयुष्यात वाईट वर्ष येतं हे मान्य. पण चांगली वर्षं जास्त असतात ना? त्या वर्षांत जे साठतं तेच माणसाचं संरक्षण. आमच्याकडे पगाराशिवाय शेअर मिळतात, ४०१(के)मध्ये, म्हणजे निवृत्तीसाठीच्या बचत खात्यात, कंपनी स्वतःची भर घालते. जर्मनीत वर्षाला ७० हजार युरो पगार असलेल्या एकट्या माणसाच्या हातात महिन्याला साडेतीन हजाराच्या आसपास पडतात. करपात्र उत्पन्न ७० हजारांच्या आसपास गेलं की ४२ टक्के कराचा टप्पा लागतो, म्हणजे तिथे साधा सीनियर इंजिनियरच वरच्या टप्प्यात जातो. तेवढ्याच अनुभवाच्या माणसाला इथे दुप्पट सहज मिळतात. त्यातून तो दोन वर्षांचा खर्च बाजूला काढून ठेवू शकतो. माझ्या मते तीही सुरक्षितताच, फक्त ती तुमच्या स्वतःच्या नावावर असते.

दुसरं, काम. इथे चांगली कल्पना सोमवारी मांडली तर शुक्रवारपर्यंत तिच्यावर दोन माणसं बसलेली असतात. माझे म्युनिकचे सहकारी हुशार आहेत, पण त्यांच्याकडे ऑगस्टमध्ये काहीही हलत नाही. मला माझं काम मनापासून आवडतं, संध्याकाळी सातलाही आवडतं. ते आवडणं म्हणजे शोषण, असं कोणी म्हटलं की मला त्रास होतो.

आणि तिसरं, माणसं. इथे आपली शाळा आहे, नाटक आहे, गणपती आहे. २०२४ चं बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन सॅन होजेला झालं, माझ्या मुलीने त्यात काम केलं. तिला कधी परकं वाटलं नाही. हे युरोपात मिळेल का, हे भाच्याने विचारावं.

६० दिवसांबद्दल मात्र काही बोलू शकत नाही. ग्रीन कार्ड यायच्या आधीच्या वर्षांत प्रत्येक तिमाहीच्या निकालांआधी घरात शांतता असायची. एका देशाला सात टक्क्यांच्या कमाल मर्यादेमुळे भारतीयांची रांग दहा वर्षांच्या वर गेलीये. आता देशाबाहेरून आणायच्या माणसाच्या नव्या एच-१बी अर्जावर सप्टेंबर २०२५ पासून एक लाख डॉलरचं शुल्क लावलंय. भाचा इथे शिकून अर्ज करणार असेल तर ओपीटीचं (शिक्षणानंतर काम करायच्या परवानगीचं) एक वर्ष आणि तांत्रिक शाखेची वाढीव दोन वर्षं मिळतात, पण पुढे एच-१बीची लॉटरी आहेच.

टेकडी | शिकागो

खाडीकिनाऱ्यांशी सहमत. फक्त एक, दोन वर्षांचा खर्च बाजूला काढणारे लोक मला फार कमी भेटले. पगार वाढला की घर वाढतं.

अबोली | आइंडहोवन

मी तिसऱ्याच देशातून लिहिते, कारण ‘युरोप’ म्हणून एकच डबा केला की गोंधळ होतो. स्वीडनमध्ये आई-बाप मिळून ४८० दिवसांची भत्त्याची रजा आहे आणि त्यातले ९०-९० दिवस एकमेकांना देताच येत नाहीत. फ्रान्समध्ये आठवडा ३५ तासांचा. आमच्या नेदरलँड्समध्ये बाळंतपणाची रजा १६ आठवडेच, म्हणजे भारताच्या २६ पेक्षा कमी! पण इथलं बलस्थान वेगळं आहे: कमी तास काम करणं इथे कमीपणाचं नाही. मी आठवड्यात चार दिवस काम करते. नवराही चार दिवस करतो, बुधवारी तो मुलाकडे असतो. त्याच्या ऑफिसात बुधवारची मीटिंग कोणी ठेवत नाही आणि टीम लीडचा स्वतःचा शुक्रवार असाच असतो. पगार त्या प्रमाणात कमी येतो, तो आम्ही विचार करून सोडला.

मला सांगायचंय ते बाळंतपणानंतरच्या आठवड्याबद्दल. इथे बाळ झालं की प्रशिक्षित बाई घरी येते. रोज काही तास, साधारण आठ-दहा दिवस. मूळ विम्यात बसतं, तासाला थोडे युरो आपले. ती बाळाचं तापमान बघते, वजन करते, टाके बघते, दूध पाजायला शिकवते, बाथरूम स्वच्छ करते, आईला सकाळी पलंगावर नाश्ता आणून देते आणि भेटायला आलेल्यांना वेळ झाली की उठवतेसुद्धा. माझी आई नाशिकहून आली होती. पहिल्या दिवशी तिला वाटलं, ही कोण बाई माझ्या लेकीच्या खोलीत. तिसऱ्या दिवशी दोघी मिळून बाळाला न्हाऊ घालत होत्या. आई पायांवर घेऊन कसं घालायचं ते दाखवत होती आणि ती बाई पाण्यात थर्मामीटर धरून होती. भाषा एकीची मराठी, एकीची डच.

तक्रारीही लिहिते. घर मिळत नाही, मिळालं तर भाडं गगनाला. पाळणाघर महाग, सरकारी भत्ता मिळूनही. आणि घरचे डॉक्टर! काहीही झालं की पॅरासिटामॉल घ्या, पाणी प्या, दोन आठवड्यांनी बघू. स्पेशालिस्टकडे थेट जाताच येत नाही. माझ्या मैत्रिणीचा थायरॉइड कळायला त्यामुळे फार उशीर झाला, तो राग माझ्या मनातून गेलेला नाही. पुण्यात सकाळी रक्त देऊन संध्याकाळी रिपोर्ट हातात पडतो.

शेवंती | न्यू जर्सी

बाळंतपणाचा विषय निघाला म्हणून लिहिते.

अमेरिकेत १९९३ च्या कायद्याने १२ आठवडे रजा मिळते, बिनपगारी. तीही कंपनीत किमान ५० माणसं असतील आणि तुम्हाला तिथे वर्ष झालं असेल तर. मी नोकरी बदलून वर्ष व्हायचं होतं, म्हणजे त्या कायद्यात मी बसतच नव्हते. राज्याच्या योजनेतून थोडे पैसे मिळाले, न्यू जर्सी त्या बाबतीत बरं आहे, पण नोकरी राखून ठेवायची हमी त्या योजनेत नव्हती. मी दहाव्या आठवड्यात कामावर गेले. ऑफिसच्या एका लहान खोलीत पंप लावून बसायचे आणि फोनवर डेकेअरचा कॅमेरा उघडायचे. बाळ झोपलेलं दिसायचं. हे लिहितानाही हात थांबतो.

पण अमेरिकेची एक बाजू इथे अजून कोणी मांडली नाही. माझी आई सहा महिने येऊन राहिली. ती गेली आणि सासूबाई आल्या, त्याही सहा महिने. दहा वर्षांचा टुरिस्ट व्हिसा, येताना विमानतळावर सहा महिन्यांचा शिक्का. डिंकाचे लाडू, शेक, बाळाचं मालिश, सगळं घरात झालं. माझी बहीण म्युनिकला आहे. तिकडे शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. तिला जर्मनीने रजा दिली, पालक भत्ता दिला, पण आई तीन महिन्यांत परत गेली आणि नंतर ती नोव्हेंबरात एकटी बाळाला घेऊन बसायची. चारला अंधार, रविवारी दुकानं बंद, शेजारी बोलत नाहीत. ती मला म्हणाली होती, ‘तुझ्याकडे रजा नव्हती, माझ्याकडे माणसं नव्हती.’ मुळाकाठ, वाईट वर्षात कोण उभं राहतं हा तुमचा प्रश्न बरोबर आहे, पण त्यात सरकार आणि विमा यांच्या बरोबरीने आई-वडीलही मोजा.

मुळाकाठ | स्टुटगार्ट

शेवंती, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आई-वडिलांचा मुद्दा मूळ लेखात यायला हवा इतका मोठा आहे. एक जोडतो: वडील आजारी पडले तेव्हा मी तीस दिवसांच्या वार्षिक सुट्टीतली बरीचशी एकदम घेतली आणि साहेबांनी फक्त ‘कधी निघतोयस’ एवढंच विचारलं. कायद्याने वर्षाला वीसच दिवस बंधनकारक आहेत, पण बहुतेक ठिकाणी २५ ते ३० मिळतात. जर्मन माणूस वर्षाला सरासरी १,३४० तासांच्या आसपास काम करतो, अमेरिकन सुमारे १,८००. जर्मन आकडा अर्धवेळ काम करणाऱ्यांमुळेही खाली येतो, तरी फरक उरतोच. तेच तास मला पुण्याला जायला मिळाले.

खाडीकिनारा, कामावरच्या प्रेमाबद्दल तुम्ही लिहिलंत ते मनापासून मान्य. इथे वेग कमी आहे आणि परदेशी माणूस एका पातळीच्या वर क्वचित दिसतो. जर्मन भाषा ऑफिसात लागत नाही असं सांगून आणतात, पण बढतीच्या वेळी ती लागते. परदेशी नागरिक कार्यालयाची तारीख मिळवणं हा वेगळाच छळ. आणि रेल्वे! २०२४ मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी वेळेवर आल्या त्या ६२.५ टक्के, आणि ‘वेळेवर’ म्हणजे सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर.

इकडे वाहन उद्योग अडचणीत आहे हेही भाच्याला सांगितलंय. पण कपात कशी होते तेही पाहावं. फोक्सवॅगनने डिसेंबर २०२४ मध्ये कामगार संघटनेशी करार केला: २०३० पर्यंत ३५ हजारांहून जास्त जागा कमी होणार, पण निवृत्ती आणि स्वेच्छेने बाहेर पडणं यांतून, सक्तीने कोणाला काढायचं नाही. सकाळी लॉगिन बंद पडलं म्हणून कळलं, असं तिथे होत नाही.

सांगलीकर | हॅनोव्हर

इतका वेळ वाचत होते. सगळे इंजिनियरच बोलताहेत, म्हणून लिहिते. मी नर्स आहे.

महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून गावाकडच्या मुली मला विचारतात. त्यांना सांगते ते इथेही सांगते. बी-२ पातळीची, म्हणजे कामात सहज बोलता-लिहिता येईल इतकी, जर्मन आधी, मग पदवीची मान्यता. मान्यता मिळेपर्यंत सहायक म्हणून काम आणि पगारही सहायकाचा. ज्या डिग्रीवर सांगलीत वॉर्ड सांभाळला, तीच हातात असताना त्या काळात नुसतं रुग्णाला भरवायला सांगतात. ते सहन करावं लागतं. मान्यता मिळाली की मात्र पगार करारात छापलेला असतो, तुमच्या शेजारच्या जर्मन नर्सइतकाच. तीस दिवस सुट्टी. दोन पाळ्यांमध्ये अकरा तासांची विश्रांती हा नियम, इस्पितळात ती दहावर आणता येते. माणसं कमी आहेत, त्यामुळे फोन येतो, ‘उद्या येशील का?’ पण सुट्टीच्या दिवशी नाही म्हटलं तर दुसऱ्या दिवशी तोंड वाकडं करत नाहीत.

माझी मैत्रीण अमेरिकेत आयसीयूत आहे. तिचा पगार माझ्या दुपटीहून जास्त, आणि नर्सिंगच्या परवान्याची परीक्षा एकच, एनक्लेक्स. पण ग्रीन कार्डच्या रांगेत तिची बरीच वर्षं गेली. ती मला सांगते की बिलाच्या भीतीने रुग्ण स्वतःच घरी जायचं म्हणतात. माझ्या वॉर्डात असं एकदाही ऐकलं नाही. दिवसाचे दहा युरो देतात, वर्षात जास्तीत जास्त २८ दिवसांचे, आणि संपलं. नर्स म्हणून मला या गोष्टीची किंमत पगारापेक्षा जास्त वाटते.

रानवारा | पुणे

मुळाकाठ, मी तुमच्या भाच्याच्याच जागी आहे. एक प्रश्न. सात-आठ वर्षांनी परत यायचं पक्कं असेल तर? दोन्हीकडे कापलेल्या पेन्शनचं काय होतं? आणि कायमच्या परवान्याला किती काळ लागतो?

मुळाकाठ | स्टुटगार्ट

रानवारा, परवान्याचं आधी. ब्ल्यू कार्डावर पेन्शनची वर्गणी भरत २७ महिने आणि ए-१ (अगदी प्राथमिक) जर्मन, किंवा २१ महिने आणि बी-१ (मधल्या पातळीची) जर्मन. म्हणून येण्याआधी पुण्यात निदान ए-२ करून या, इथे नोकरी सांभाळून शिकणं फार जड जातं.

पेन्शन. अमेरिकेत हक्कासाठी ४० क्रेडिट लागतात, म्हणजे साधारण दहा वर्षं. भारत आणि अमेरिका यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार नाही. सात-आठ वर्षांनी कायमचे परत आलात तर सोशल सिक्युरिटीत, म्हणजे तिथल्या सरकारी पेन्शन योजनेत, भरलेलं बहुधा तिथेच राहतं. ४०१(के) मात्र तुमचं. जर्मनीत पाच वर्षं भरली की हक्क तयार होतो, आणि भारत-जर्मनी करार २०१७ पासून लागू असल्यामुळे भारतात राहूनही म्हातारपणी ते पेन्शन मिळतं. पाच वर्षांच्या आत परतलात तर युरोपाबाहेर दोन वर्षं काढल्यावर स्वतःचा वाटा परत मागता येतो, कंपनीचा नाही. पेन्शन कार्यालयाकडून मिळणारे नोंदींचे कागद आणि विमा क्रमांक जपून ठेवा, आणि निघताना पुण्याचा पत्ता त्यांना लेखी कळवा.